मिग-२१ च्या पंखावरची चंदेरी झाक : डीकलखाली अडकणाऱ्या हवेचा बंदोबस्त

विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचे रंगकाम मनासारखे झालेले असते, डीकल, म्हणजे कागदावरून पाण्याने सुटणारी छापील चिन्हे आणि अक्षरे, जागच्या जागी बसलेले असतात, वरून मॅट वॉर्निशचा हात दिलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॉडेल खिडकीशी नेऊन तिरके धरले की विमानाच्या क्रमांकाभोवती एक लांबट चौकोन चमकू लागतो. अक्षरे शाबूत असतात, पण अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथे नुसता खालचा हिरवा रंग दिसायला हवा, तिथे राखाडी-चंदेरी धुरकटपणा पसरलेला असतो. मॉडेल करणारे याला ‘सिल्व्हरिंग’ म्हणतात. समोरून पाहिल्यास ते बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे टेबलावर काम करताना लक्षात येत नाही आणि कपाटात ठेवल्यावर, कपाटातला दिवा कडेने पडू लागला की मग डोळ्यांत खुपत राहते.

माझ्याकडे ही तक्रार तीन वेळा उद्भवली आणि पहिल्या दोन वेळा मी तिचे निदान चुकीचे केले. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण नेमकी तीच चूक बहुतेकांच्या हातून होते असे माझे निरीक्षण आहे.

मी १/७२ प्रमाणात भारतीय वायुसेनेची दोन मिग-२१ एफएल विमाने करायला घेतली होती. या प्रकारातली विमाने नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात परवान्याखाली तयार होत असत. सुरुवातीला ती रंग न दिलेल्या उघड्या धातूच्या चकाकीतच उडत आणि १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांपैकी अनेकांवर हिरव्या रंगाचे पट्टे व ठिपके ओढून त्यांना लपवण्याचा प्रयत्न झाला. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणारी मिग विमाने याच काळातली. एक मॉडेल चंदेरी आणि दुसरे हिरव्या छलावरणाचे करून दोन्ही शेजारी ठेवावीत, असा माझा बेत होता. दोन्हींसाठी डीकलचा एकच कागद वापरला. चंदेरी विमानावरचे डीकल रंगवल्यासारखे बसले. हिरव्या विमानाच्या पंखावरची राष्ट्रीय चिन्हे आणि मागच्या धडावरचा, सी अक्षराने सुरू होणारा क्रमांक मात्र दुसऱ्या दिवशी चमकू लागला.

मी दोष डीकलच्या द्रावणाला, म्हणजे डीकल मऊ करून पृष्ठभागावर बसवणाऱ्या द्रावणाला, दिला. वापरत होतो ते सौम्य पडले असावे, असे समजून अधिक कडक द्रावण आणले, त्याचे चार हात दिले, एका चिन्हाची कड विरघळवून घेतली आणि झाक होती तिथेच राहिली. पुढच्या मॉडेलला कागदच बदलला आणि तरीही तोच प्रकार झाला. त्या चंदेरी विमानाचा दाखला मला आणखी गोंधळात टाकत होता, कारण कागद तोच, हात तोच, द्रावण तेच. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की चंदेरी विमानाचा दाखला मुळात पूर्ण विश्वासाचा नव्हता. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होता हे खरे, पण थोडी झाक आली असती तरी चंदेरीवर चंदेरी दिसणार कशी?

मग निकाल लावण्यासाठी लग्नकार्यात मिळतो तसला प्लास्टिकचा चमचा घेतला. त्यावर तोच गडद हिरवा मॅट रंग मारला, टेपने अर्धा चमचा झाकून उरलेल्या अर्ध्यावर ग्लॉस वॉर्निश चढवले, दोन दिवस वाळू दिले आणि उरलेल्या कागदातली एक लांबट सूचनापट्टी अशी लावली की तिचा अर्धा भाग मॅटवर आणि अर्धा ग्लॉसवर यावा. द्रावण मुद्दाम लावले नाही. दुसऱ्या दिवशी एकाच पट्टीचा डावा अर्धा भाग धुरकट आणि उजवा अर्धा अदृश्य झालेला होता, आणि टेपची कड जिथे होती तिथे झाक सुरीने कापल्यासारखी थांबलेली होती. त्यानंतर बाटल्यांवर पैसे घालवणे मी बंद केले.

झाक कशाची असते

डीकल म्हणजे कागदावरील पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक लाखेचा पातळ पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर छापलेली शाई. कागद भिजला की डिंक सुटतो आणि पापुद्रा शाईसकट मॉडेलवर सरकतो. मॅट रंग डोळ्यांना मखमली दिसतो, तो मुळात त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळेच. त्यावर सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात आणि त्यांच्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो. पापुद्रा उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खळग्यांत उतरत नाही, आणि त्याखाली हवेचे असंख्य बारीक कप्पे कोंडले जातात. प्रकाश पापुद्र्यातून हवेत आणि हवेतून रंगात जाताना प्रत्येक सीमेवर त्याचा थोडा भाग, सरळ पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के, परत फिरतो आणि तिरक्या कोनात हे प्रमाण वाढत जाते. म्हणून मॉडेल तिरके धरले की झाक उठून दिसते, आणि गडद रंगावर ती फिकट रंगापेक्षा फार जास्त बोचते.

न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच ओली झाली की आरपार दिसू लागते, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. पाणी काचेवरचे खळगे भरते आणि प्रकाश विखुरणे कमी होते. डीकलखाली हाच खेळ उलट्या बाजूने चालू असतो. त्यामुळे उपाय कोणताही करा, त्याचे काम एकच असते : त्या खळग्यांत हवेच्या जागी पापुद्र्यासारखेच प्रकाश वाकवणारे काहीतरी भरणे, किंवा मुळात खळगेच न ठेवणे.

आधी खात्री करून घ्या

डीकलवर दिसणारा प्रत्येक पांढुरका डाग म्हणजे सिल्व्हरिंग नव्हे. डिंकाचा वाळलेला ओघळ पापुद्र्याच्या कडेबाहेरही पसरलेला असतो आणि ओल्या कापसाने पुसला जातो. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार कड्यासारखा डाग ठेवतात. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरले की ती तक्रार संपते. पावसाळ्यात वॉर्निश फुलून आलेले असेल तर पांढरटपणा डीकलची हद्द पाळत नाही, सगळ्या पंखावर ढगासारखा पसरतो. आणि राष्ट्रीय चिन्हाच्या पांढऱ्या कड्यातून खालचा हिरवा रंग डोकावत असेल तर तो शाईच्या पातळपणाचा दोष आहे. त्यासाठी खाली पांढरी चकती आधी लावावी लागते, त्याचा या विषयाशी संबंध नाही.

खरी झाक ओळखण्याची परीक्षा अगदी साधी आहे. धुरकट भागात, कुठेतरी कोपऱ्यात, सर्वांत बारीक सुईने एक टोचा द्यावा आणि त्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब ठेवावा. भिंगातून पाहिले तर छिद्राभोवती एक गडद ठिपका उमटतो आणि तो हळूहळू वेडावाकडा पसरत जातो, जणू कोरड्या शहाबादी फरशीवर पाणी सांडले आहे आणि फरशीचा खरा रंग वर येतो आहे. पाणी जिथवर शिरले तिथवर झाक नाहीशी होते. तासाभराने पाणी सुकले की झाक परत येते. हे दिसले की खाली हवाच आहे याविषयी शंका उरत नाही, आणि पुढे दुरुस्ती करायची झाली तर ती कोणत्या वाटेने करायची हेही याच ठिपक्याने दाखवलेले असते.

लावण्यापूर्वीची तयारी

निम्म्याहून अधिक काम इथेच आहे. अनेकदा खडबडीतपणा रंगाच्या पहिल्या थरापासूनच आलेला असतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन) लांब धरला, रंग पुरेसा पातळ केला नाही किंवा दाब अकारण वाढवला, तर रंगाचे थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभागावर रव्यासारखे बसतात. बोट फिरवल्यावर खरखर जाणवली तर त्यावर नुसते ग्लॉस वॉर्निश मारून भागत नाही, कारण वॉर्निश खळग्यांची प्रत उतरवते, ते बुजवत नाही. २००० किंवा ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, जेमतेम स्वतःच्या वजनाने फिरवावा. मिग-२१ चा पंख यासाठी सोयीचा आहे, कारण तो सपाट आहे. धडावर मात्र कडांवरचा रंग उडून खालचे प्लास्टिक उघडे पडायला वेळ लागत नाही.

वॉर्निशसाठी मी तामिया कंपनीचे एक्स-२२ हे ग्लॉस वॉर्निश, थर समतल बसवणाऱ्या लॅकरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये साधारण निम्मे-निम्मे पातळ करून वापरतो. दाब १५ ते २० पीएसआय, नोझल ०.३ मिलिमीटरचे, आणि दोन पातळ हात झाल्यावर तिसरा हात इतका ओला की पृष्ठभाग क्षणभर पाणावलेला दिसावा. ओघळ येण्याच्या भीतीने हा तिसरा हात कोरडा मारणे, हीच नेहमीची कसूर. ज्यांच्याकडे एअरब्रश नाही त्यांनी पाण्यातले ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निश रुंद मऊ ब्रशने दोनदा लावले तरी चालते. ते आपले आपण समतल होते.

वॉर्निश पुरेसे झाले की नाही, हे डब्यावरचे ‘ग्लॉस’ हे नाव ठरवत नाही. मॉडेल ट्यूबलाइटखाली धरून पंखात तिचे प्रतिबिंब पाहावे. नळीच्या दोन्ही कडा रेघेसारख्या दिसल्या तर डीकल लावायला हरकत नाही. नळीच्या जागी नुसता उजेडाचा पट्टा दिसत असेल, कड फाटलेली असेल, तर अजून एक हात हवा. मी हे पंखाच्या मुळाशी, टोकाला आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पाहतो, कारण मुळाशी, जिथे पंख धडाला मिळतो, तिथे फवारा नीट पोहोचत नाही आणि कोनाड्यात अर्धवट वाळलेल्या फवाऱ्याची धूळ साठते. माझ्या हिरव्या मिगवर झाक सर्वांत दाट होती ती नेमकी याच जागी.

तिसऱ्यांदा तक्रार उद्भवली ती जुलै महिन्यात, आणि तेव्हा मी वॉर्निश मारलेले होते, म्हणून ती सर्वांत जिव्हारी लागली. आमचे घर खाडीच्या बाजूला आहे आणि पावसाळ्यात मीठ ओले होते, कागद मऊ पडतात, तिथे वॉर्निशने काय करावे? थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतली वाफ त्यावर सूक्ष्म दवासारखी बसते आणि तो थर चकाकण्याऐवजी आतून धुरकट आणि वरून खरखरीत होतो. कॉम्प्रेसरच्या पाणी-सापळ्यात एका बैठकीत बोटभर पाणी जमत होते, ते मी काढून टाकलेच नव्हते. ट्यूबलाइटची परीक्षाही केली नाही, कारण वॉर्निश मारले म्हणजे चकाकी आलीच असे गृहीत धरले. तेव्हापासून पावसाळ्यात दुपारी, पाऊस उघडलेला असताना फवारतो, थिनर सावकाश उडणारे घेतो, दर दहा मिनिटांनी सापळा रिकामा करतो आणि मॉडेल सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवतो. उन्हाळ्यात जे २४ तासांत वाळते त्याला जुलैत मी तीन दिवस देतो. वॉर्निश कच्चे असताना डीकलचे द्रावण पडले तर ते मऊ होऊन पापुद्र्यासकट सुरकुतते आणि मग सगळेच सोलून काढावे लागते.

लावताना

पापुद्र्याचा मोकळा भाग जितका कमी, तितकी झाक कमी. म्हणून सूचनापट्ट्या आणि क्रमांक यांची कड शाईला लागून, नव्या पात्याने कापून घ्यावी. अक्षरांच्या आतला भाग कापता येत नाही, तो तसाच राहतो. कागद कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढावा आणि ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवावा. पाण्यात तरंगत ठेवलेला डीकल आपला डिंक गमावतो. हा डिंक हवेच्या कप्प्यांत उतरून बरीच झाक रोखत असतो, त्यामुळे तो धुऊन काढण्याचा सल्ला मला पटत नाही. बाहेर आलेला तेवढा पुसावा.

जागेवर आधी मायक्रो सेट या डीकल बसवण्याच्या द्रावणाचा ओला हात द्यावा. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यात ॲसेटिक आम्लच असते, आणि तो मिळाला नाही तर वाण्याकडचे पांढरे व्हिनेगर थोडे पाणी घालून वापरता येते. त्याने पकड सुधारते, पापुद्रा मात्र फारसा मऊ होत नाही. डीकल कागदावरून उचलू नये, सरकवावा. जागा पक्की झाली की ओलसर कापसाच्या काडीने मध्यापासून कडेकडे, लोळवत दाबावे; घासू नये. मग पाणी टिपून मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर हे पापुद्रा मऊ करणारे द्रावण लावावे. काही मिनिटांत डीकल सुरकुतून कोमेजल्यासारखा होतो आणि नवशिक्याचा हात त्याला सरळ करायला पुढे येतो. तो हात आवरावा. वाळताना डीकल आपोआप ताणला जातो आणि पॅनल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या फटींत, उतरतो. मिग-२१ चे पंखावरचे चिन्ह ज्या फटींवर येते त्या फटींच्या रेषेत नव्या पात्याने हलकी चीर दिली तर आत राहिलेली हवा तिथून निघून जाते. मूळ विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर जेमतेम १० सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत फुगलेला एक बुडबुडा प्रत्यक्षातल्या विमानावर ताटाएवढा दिसला असता.

झाक आलेलीच असेल तर

मॅट वॉर्निश अजून मारलेले नसेल तर काम सोपे आहे. धुरकट भागात सुईने मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावर टोचे द्यावेत, सॉफ्टरचा हात द्यावा, वाळू द्यावे, दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहून उरलेल्या जागी पुन्हा तेच करावे. तीन फेऱ्यांत न गेलेली झाक चौथ्या फेरीत गेल्याचे मला आठवत नाही.

मॅट वॉर्निश वर बसलेले असेल तर सॉफ्टर खाली पोहोचत नाही आणि टोच्यांतून पोहोचला तरी पापुद्रा हलायला मोकळा नसतो. अशा वेळी पाण्याच्या थेंबाने जी वाट दाखवली ती वापरावी. टोच्यांवर पाण्यातले ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निश, थोडेसे पातळ करून, बारीक ब्रशच्या टोकाने थेंबथेंब सोडावे. ते पाण्यासारखेच फटींत ओढले जाते, गडद ठिपका तसाच पसरतो, पण ते उडून न जाता आत राहते आणि वाळल्यावर पापुद्र्याइतकेच पारदर्शक असते. वरचा थेंब लगेच टिपून घ्यावा. यासाठी लॅकरचे पातळ केलेले वॉर्निश वापरू नये. त्यातले थिनर शाईपर्यंत पोहोचले तर अक्षरे पसरतात, आणि माझा एक क्रमांक असाच गेला. दोन दिवसांनी त्या जागी मॅटचा हलका फवारा दिला की चकाकीचे ठिपके लपतात.

पकड फारच कमी असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता टेप दाबून, झटक्याने ओढून डीकल काढून टाकावा. झाक दाट असलेला डीकल बहुधा सहज सुटतो, कारण तो फक्त टोकांवर टेकलेला असतो. काढल्यावर खालचा पृष्ठभाग हाताळून पाहावा. तिथली खरखर बोटाला कळते. जादा कागद हाताशी नसेल तेव्हा मात्र हा मार्ग घेता येत नाही, आणि १९७१ च्या मिगसाठी असा कागद दुसऱ्यांदा मिळणे सोपे नसते.

माझ्या हिरव्या मिगवरील पंखांची चिन्हे टोचे आणि वॉर्निशने सावरली. धडावरच्या क्रमांकातला शेवटचा आकडा कोनाड्यात असल्याने सुई सरळ जात नव्हती; त्याच्याभोवतीचा धुरकट पापुद्रा शेवटी तीन शून्य नंबरच्या ब्रशने, मूळ हिरव्या रंगाचे तीन पातळ हात देऊन, आकड्याच्या कडेपर्यंत रंगवून टाकला. टॉर्च आडवी धरली तर तिथला रंग किंचित जाड दिसतो.